वेबसाइटवर काय हलावं आणि काय नाही? ॲनिमेशनची ही बाजू माहीत हवी

गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला. ती निगडीत, यमुनानगरला राहते. रक्ततपासणीसाठी ऑनलाइन वेळ घ्यायची होती आणि ते काही जमत नव्हतं. मी गेले, फोन हातात घेतला. लॅबच्या वेबसाइटवर सगळ्यात वर एक लाल पट्टी उजवीकडून डावीकडे सरकत होती. तिच्याखाली दर दोन-तीन सेकंदांनी बदलणारे फोटो. कोपऱ्यात उड्या मारणारं हिरवं चॅटचं बटण. खाली स्क्रोल केलं की प्रत्येक चौकोन बाजूने उडत येऊन जागेवर बसत होता. वेळ निवडायचं बटण या गर्दीत कुठेतरी होतं. मला ते सापडायला अर्धं मिनिट लागलं. मावशीला सापडलंच नव्हतं, कारण तिने थोड्याच वेळात फोन उलटा करून टेबलावर ठेवून दिला होता.

"मला मेलं मोबाइलमधलं काही कळत नाही," ती म्हणाली. पण हीच मावशी भजनी मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवते, विजेचं बिल मोबाइलवरून भरते. न कळण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. तिला आतल्या कानाशी संबंधित व्हर्टिगोचा त्रास आहे आणि ती वेबसाइट तिच्या डोळ्यांसमोर एका जागी उभीच राहत नव्हती.

वेबसाइटवर ॲनिमेशन कशासाठी असतं, ते कधी उपयोगी पडतं, कुणाला त्याचा त्रास होतो आणि मराठी मजकुराच्या बाबतीत त्यात वेगळी काय भानगड आहे, ते या लेखात पाहूया.

लुकलुकणारा दिवा कशासाठी असतो?

निगडीहून रोज सकाळी चाकण, भोसरी, तळवड्याकडे कामाला जाणाऱ्यांना हा मुद्दा फारसा समजावून सांगावा लागणार नाही. कारखान्यात मशिनच्या डोक्यावर टॉवर लॅम्प असतो. हिरवा म्हणजे सगळं सुरळीत, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे धोका. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेसाठी आयईसी ६०२०४-१ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात या रंगांचे अर्थ दिले आहेत. लुकलुकणाऱ्या दिव्यांबद्दल त्यात वेगळं लिहिलंय. दिवा लुकलुकवायचा तो लक्ष वेधून घ्यायला, ताबडतोब काही करायला सांगायला, दिलेली आज्ञा आणि यंत्राची प्रत्यक्ष स्थिती जुळत नसेल तर ते दाखवायला, किंवा एखादा बदल सुरू आहे हे कळवायला.

वेबसाइटवरच्या ॲनिमेशनसाठी मला याहून चांगला नियम अजून मिळालेला नाही. काहीतरी बदललं, ते सांगण्यासाठी हालचाल. शॉपमधले सगळेच दिवे दिवसभर लुकलुकत राहिले, तर ऑपरेटर दोन दिवसांत त्यांच्याकडे बघणं सोडून देईल. मग खरा बिघाड झाला तरी बघणार नाही.

याचं कारण आपल्या डोळ्यांत आहे. नजरेच्या मध्यभागी आपल्याला बारीक तपशील दिसतात, कडेला ते धूसर होतात. पण कडेला झालेली हालचाल मात्र चटकन जाणवते आणि नजर आपोआप तिकडे वळते. वाचायचा परिच्छेद मध्ये आणि बाजूला काहीतरी उड्या मारतंय, अशी मांडणी असेल तर वाचणारा सतत स्वतःच्याच डोळ्यांशी भांडत असतो.

सरकारी वेबसाइटवर लिंकशेजारी लुकलुकणारं ते लाल-पिवळं 'न्यू' आठवतंय? तीन वर्षांपूर्वीच्या निविदेशेजारीही ते आज तितक्याच उत्साहाने लुकलुकत असतं. त्याच्याकडे शेवटचं कधी लक्ष गेलं होतं, आठवून बघा.

हे सुरू कुठून झालं?

वेबवरची हालचाल जवळपास वेबइतकीच जुनी आहे. जिफ हा चित्रांचा प्रकार १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह कंपनीने आणला. पण चित्र पुन्हा पुन्हा फिरत राहण्याची सोय नेटस्केप ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीने १९९५-९६ च्या सुमारास दिली आणि मग बांधकाम सुरू असलेल्या पानांवर फावडं मारणारी माणसं दिसायला लागली. त्याच काळात नेटस्केपने अक्षरं लुकलुकवणारा 'ब्लिंक' टॅग आणला आणि मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने अक्षरं सरकवणारा 'मार्की'. ब्लिंकची कथा मजेशीर आहे. नेटस्केपचे इंजिनिअर लू मॉन्टुली यांच्या सांगण्यानुसार, बारमध्ये गप्पा मारताना त्यांनी गमतीत केलेला उल्लेख एका सहकाऱ्याने रातोरात खरा करून टाकला.

ब्लिंक आता गेला. तो पाळणाऱ्या शेवटच्या मोठ्या ब्राउझरांपैकी एक असलेल्या फायरफॉक्सने २०१३ मध्ये तो काढून टाकला. फ्लॅशही गेलं. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार थांबवला. मार्की मात्र चिवट निघाला. एचटीएमएलच्या मानकात तो कालबाह्य ठरवलेला आहे, पण ब्राउझर अजूनही तो चालवतात. आपल्याकडे शाळांपासून पतसंस्थांपर्यंत असंख्य वेबसाइटवर 'महत्त्वाची सूचना' अजूनही सरकत असते.

सरकत्या सूचनेची खरी अडचण अशी की वाचायचा वेग वाचणाऱ्याच्या हातात राहत नाही. बसच्या कपाळावरची एलईडी पाटी आठवा. नाव सरकत सरकत पूर्ण होईपर्यंत बस निघून जाते. सूचना खरंच महत्त्वाची असेल, तर ती स्थिर का नाही?

मळमळ, चक्कर आणि झटके

इथवरचा त्रास वैतागापुरता आहे. पुढचा नाही.

१६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी जपानमध्ये 'पोकेमॉन' मालिकेचा एक भाग दाखवला गेला. त्यातल्या एका दृश्यात लाल आणि निळा रंग सेकंदाला साधारण १२ वेळा आलटून पालटून चमकला. त्या रात्री ६८५ जणांना, बहुतेक लहान मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं. काहींना फिट आली होती. चमकणाऱ्या प्रकाशाने फिट येऊ शकते, अशा एपिलेप्सीला फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी म्हणतात. अनेकांना आपल्याला ती आहे हे पहिली फिट येईपर्यंत माहीतच नसतं.

दुसरा त्रास मावशीचा. आपला तोल सांभाळण्यासाठी मेंदू आतल्या कानाकडून आणि डोळ्यांकडून माहिती घेत असतो. डोळे म्हणतात 'समोरचं सगळं सरकतंय', कान म्हणतो 'आपण तर खुर्चीत बसलोय'. ही तक्रार बहुतेकांचा मेंदू निकालात काढतो. ज्यांच्या आतल्या कानात दोष आहे, त्यांना मात्र गरगरतं, मळमळतं, डोकं दुखतं आणि फोन बाजूला ठेवल्यावरही ते लगेच थांबत नाही. घाटात गाडी लागणाऱ्यांना याची थोडीफार कल्पना येईल.

हे जगाच्या लक्षात ठळकपणे आलं २०१३ मध्ये. ॲपलने सप्टेंबरमध्ये आयओएस ७ आणलं. त्यात ॲप उघडताना पडदा झूम होत होता आणि चिन्हांमागचा वॉलपेपर फोन हलवला की वेगळ्या गतीने सरकत होता. फोन वापरून चक्कर येते, अशा तक्रारी सुरू झाल्या. ऑक्टोबरच्या अपडेटमध्ये ॲपलने 'रिड्यूस मोशन' हा पर्याय वाढवून ती झूमची हालचालही बंद करता येईल अशी सोय केली. पडद्यावरची हालचाल हा काही लोकांसाठी तब्येतीचा प्रश्न आहे, हे एका मोठ्या कंपनीने मान्य केलं.

त्रास देणाऱ्या हालचाली ओळखायच्या कशा? पडद्याचा किती भाग हलतो, हे पाहा. बटणाचा रंग हळूच बदलला तर कुणाला चक्कर येत नाही. अख्खा पडदा झूम होणं, पार्श्वभूमी आणि मजकूर वेगवेगळ्या वेगाने सरकणं, ज्याला पॅरॅलॅक्स म्हणतात, किंवा स्क्रोल करताना चौकोन चारी बाजूंनी उडत येणं, यांनी त्रास होतो.

नियम काय सांगतात?

वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठी डब्ल्यूसीएजी नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यातले दोन नियम सगळ्यात प्राथमिक पातळीवरचे आहेत. एक, कोणतीही गोष्ट सेकंदाला ३ पेक्षा जास्त वेळा चमकू नये. दोन, आपोआप सुरू होणारी आणि ५ सेकंदांपेक्षा जास्त चालणारी हालचाल इतर मजकुरासोबत दिसत असेल, तर ती थांबवायची सोय हवी. हालचाल अत्यावश्यक असेल तरच दुसऱ्या नियमातून सूट मिळते.

भारत सरकारच्या वेबसाइटसाठीची जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आली आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. ती डब्ल्यूसीएजीवरच बेतलेली आहे. काही सरकारी वेबसाइटवर फिरत्या फोटोंखाली 'पॉज'चं छोटं बटण दिसतं, ते यामुळे. कायद्याच्या बाजूनेही दोर आवळला जातोय. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करायला सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये आणखी एका निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं.

मग ॲनिमेशन नकोच का?

हवं. योग्य जागी नसेल तर उलट गोंधळ होतो.

भाजीवाल्याला यूपीआयने पैसे पाठवल्यावर पडद्यावर आधी गोल फिरतो, मग हिरवी खूण उमटते. तो गोल म्हणतो 'काम चालू आहे, पुन्हा दाबू नका'. तो नसता तर किती जणांनी दोनदा पैसे पाठवले असते! या खुणेवर लोकांचा इतका विश्वास बसलाय की ठगांनी हुबेहूब तीच खूण आणि तोच आवाज दाखवणारी बनावट ॲप काढली आणि दुकानदारांना फसवलं. ॲनिमेशन म्हणजे एक विधान असतं. ते खोटंही असू शकतं.

यादीतून एक वस्तू काढून टाकल्यावर ती सटकन नाहीशी झाली, तर नेमकं काय गेलं हे कळत नाही. ती बाजूला सरकून गेली आणि खालच्या वस्तू वर आल्या, की कळतं. मेनू ज्या बटणातून उघडतो, तिथूनच उलगडला की बंद कुठे करायचा हेही आपोआप समजतं. कुठून कुठे गेलं, हे सांगणं हे हालचालीचं खरं काम. स्थिर चित्राला ते जमत नाही.

वेळेचं गणितही आहे. जेकब नील्सन या वापरसुलभतेच्या अभ्यासकाने १९९३ च्या पुस्तकात तीन मर्यादा मांडल्या होत्या. ०.१ सेकंदात प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. म्हणून लहान ॲनिमेशन साधारण पाव सेकंदात आटपलेलं बरं. पहिल्यांदा बघताना एक सेकंदाची मुरड छान दिसते. दिवसातून चाळीस वेळा तेच पान उघडणाऱ्या क्लार्कला विचारा.

हालचाल नैसर्गिक वाटण्यासाठी वेग एकसारखा ठेवत नाहीत. झोका टोकाला पोहोचताना मंदावतो, मध्ये जोरात जातो. डिस्नीच्या चित्रकारांनी हे तत्त्व फार आधी वापरलं आणि फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या पुस्तकात ते नावासकट मांडलं. वेबवाले त्याला इझिंग म्हणतात.

तांत्रिक बाजू थोडक्यात. बहुतेक पडदे सेकंदाला ६० वेळा रंगवले जातात, म्हणजे एका चित्रासाठी ब्राउझरला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. वस्तूची रुंदी किंवा जागा बदलली तर ब्राउझरला पानाची मांडणी पुन्हा करावी लागते आणि स्वस्त फोन अडखळतो. 'ट्रान्सफॉर्म' आणि 'ओपॅसिटी' हे दोन गुणधर्म मात्र मांडणीला धक्का न लावता बदलता येतात. डिझायनरच्या महागड्या लॅपटॉपवर लोण्यासारखं चालणारं ॲनिमेशन आधी आठ-दहा हजारांच्या फोनवर बघावं, एवढं पथ्य पाळलं तरी बरंच काही सुधारेल.

आणि आपोआप फिरणारे फोटो? अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठाच्या वेबसाइटवरची आकडेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली होती. मुखपृष्ठावर येणाऱ्यांपैकी सुमारे १ टक्का लोकच त्या फिरत्या पट्टीवर क्लिक करत होते आणि त्यांतले बहुतेक पहिल्याच फोटोवर. बाकीचे फोटो नक्की कुणासाठी फिरत होते, कोण जाणे. माझा अंदाज असा की संस्थेतल्या प्रत्येक विभागाला मुखपृष्ठावर जागा हवी असते आणि स्लायडर हा त्यावरचा तह असतो.

मराठी अक्षरं नाचवताना

हा भाग इंग्रजी लेखांत सहसा मिळत नाही आणि मराठी वेबसाइट करणाऱ्यांना तर रोज लागतो.

मथळा एकेक अक्षराने उमटवण्याची फॅशन आहे, तिला टाइपरायटर इफेक्ट म्हणतात. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं असतं, त्यामुळे तिथे हे जमून जातं. देवनागरीत जमत नाही. साधा 'निगडी' हा शब्द घ्या. संगणकाच्या हिशेबात त्यात न, पहिली वेलांटी, ग, ड आणि दुसरी वेलांटी असे ५ संकेत आहेत. टाइपरायटर इफेक्टमध्ये आधी 'न' उमटतो. पुढच्या क्षणी वेलांटी येते, पण ती बसते 'न'च्या अलीकडे. म्हणून आधीच उमटलेला 'न' उजवीकडे ढकलला जातो. 'भक्ती-शक्ती' लिहायचं तर आधी भ, मग भक, मग पाय मोडलेला भक्, मग एकदम भक्त आणि शेवटी भक्ती. वाचणाऱ्याला प्रत्येक टप्प्यावर वेगळाच शब्द दिसतो. 'प्राधिकरण' या शब्दात ९ संकेत आहेत, आपण मात्र प्रा-धि-क-र-ण अशी ५ अक्षरं वाचतो.

दुसरी फॅशन म्हणजे प्रत्येक अक्षर वेगवेगळं खालून वर आणायचं. त्यासाठी प्रत्येक तुकडा वेगळ्या अदृश्य डब्यात ठेवावा लागतो. प्रोग्रामने संकेतांनुसार तुकडे केले तर वेलांटी एका डब्यात आणि तिचं व्यंजन दुसऱ्यात जातं. मग एकट्या वेलांटीशेजारी ते ठिपक्यांचं वर्तुळ दिसू लागतं आणि जोडाक्षराचा पाय मोडतो. तयार इंग्रजी थीमवर मराठी मजकूर चिकटवला की हे हमखास होतं.

यावर थोडा उपाय झालाय. अक्षर कुठे संपतं हे ठरवणारे नियम युनिकोड संस्था देते. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ या आवृत्तीपर्यंत या नियमांनुसार 'भक्ती'चे भ, क् आणि ती असे तुकडे पडत. त्या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नियम सुधारला, आता भ आणि क्ती असे दोनच तुकडे पडतात. नव्या ब्राउझरमध्ये यासाठी 'इंटल डॉट सेगमेंटर' नावाची सोयही आहे.

तरीही माझं मत असं की मराठीत अक्षरं सुटी हलवूच नयेत. सगळी तोडणी बरोबर केली तरी शिरोरेषेचं काय करणार? अक्षरं वेगवेगळ्या उंचीवर असताना ती तुटतेच आणि शिरोरेषा तुटली की आपला डोळा शब्द शब्द म्हणून वाचत नाही. अख्खा शब्द किंवा अख्खी ओळ हळूच उमटवा. देवनागरीला शोभतं ते, आणि कामही कमी.

घाई कुणाला आहे?

रावेत, मोशी, पुनावळे भागातल्या नव्या फ्लॅटच्या जाहिरातींची पानं उघडलीत तर एक चौथाच प्रकार दिसेल. 'ऑफर संपायला ०४:५९' असं लाल घड्याळ धडधडत असतं. पान पुन्हा उघडा, घड्याळ पुन्हा पाच मिनिटांपासून सुरू. अशी खोटी घाई दाखवणं हे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जाहीर केलेल्या १३ 'डार्क पॅटर्न'पैकी एक आहे. कुठे असं घड्याळ दिसलं तर पान बंद करून पुन्हा उघडून बघा, एवढी चाचणी पुरते.

तुमच्या फोनवर काय करता येईल?

आयफोनवर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग मोशन आणि तिथे रिड्यूस मोशन. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'रिमूव्ह ॲनिमेशन्स' असा पर्याय असतो, कंपनीनुसार तो एखाद्या उपविभागात सापडेल. विंडोज ११ वर ॲक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स, ॲनिमेशन इफेक्ट्स.

हा पर्याय निवडला की फोनच्या स्वतःच्या हालचाली कमी होतात. वेबसाइटलाही ते कळू शकतं. २०१७ मध्ये सफारीने आणि २०१९ मध्ये क्रोमने 'प्रिफर्स रिड्यूस्ड मोशन' नावाची सोय सुरू केली. वेबसाइट बनवणाऱ्याने सीएसएसमध्ये चार ओळी लिहून विचारायचं असतं की या वाचकाला हालचाल कमी हवी आहे का, आणि हो असेल तर उडत येणारे चौकोन शांतपणे जागेवर दाखवायचे. सगळंच बंद करायची गरज नाही. पैसे गेल्याची हिरवी खूण तेव्हाही हवीच, फक्त तिने उडी मारू नये.

मी मावशीच्या फोनवर हा पर्याय चालू करून दिला. तिच्या बँकेचं ॲप शांत झालं, बातम्यांची एक वेबसाइटही. मग आम्ही पुन्हा त्या लॅबची वेबसाइट उघडली. पट्टी सरकतच होती, चौकोन उडत येतच होते. त्या चार ओळी तिथे कुणी लिहिलेल्याच नव्हत्या. पानाच्या तळाशी, न हलणाऱ्या बारीक अक्षरांत, लॅबचा फोन नंबर होता. मावशीने तो फिरवला आणि दोन मिनिटांत सकाळी साडेसातची वेळ मिळाली.